पांढऱ्या दगडाच्या वरची हवा

इंजिनातल्या कुठल्या भागाचं सर्वांत जास्त नवल वाटतं असं पान्याला कुणी विचारलं असतं, तर तो पिस्टन म्हणाला नसता आणि गिअरही म्हणाला नसता. त्याने फळीवरचा गोळ्यांचा जुना पत्र्याचा डबा उघडून त्यातला एक जेट विचारणाऱ्याच्या तळहातावर ठेवला असता. जेट म्हणजे पितळेचा एवढासा स्क्रू, करंगळीच्या नखाएवढा, आणि त्याच्या पोटातून आरपार गेलेलं एक भोक. उजेडाकडे धरलं तरच दिसेल असं. रेस पूर्ण दाबली की कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल ह्याच भोकातून इंजिनाकडे जातं. भोक केसभर मोठं असेल तर गाडी काळा धूर ओकते, केसभर लहान असेल तर आतल्या आत भाजून निघते. "एवढ्याशा भोकाच्या जिवावर माणूस डोंगर चढतो," तो म्हणायचा, आणि हयात गॅरेजात गेली तरी हे म्हणताना त्याचा आवाज खाली यायचा, देवघरात बोलावं तसा.

रांगत्या वयात वडिलांच्या गॅरेजात पाना तोंडात धरून बसायचा म्हणून त्याला पान्या म्हणायला लागले. आता कानावरचे केस पांढरे झाले, वडील गेले, गॅरेज त्याचं झालं, पण नाव काही सुटलं नाही. हात मात्र सोन्याचे. बंद पडलेलं काहीही आणून द्या, संध्याकाळपर्यंत ते बोलायला लागे.

एक गोष्ट तेवढी होती. पान्याला उंचीची भीती वाटे. थोडीथोडकी नाही, स्टुलावर चढायचं म्हटलं तरी तो भिंत धरायचा. घरातले बल्ब बायको बदलायची, माळ्यावरचे डबे बायको काढायची, आणि पान्या खाली उभा राहून मान चोळत म्हणायचा की काय करणार, मान वर केली की दुखते. बायको बिचारी डॉक्टरांकडे चला म्हणून कधी मागे लागली नाही. ह्या दुखण्याला डॉक्टर नाही हे तिला ठाऊक होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ती झाकून ठेवायला घरातले सगळेच हातभार लावत होते. आपल्याला कुणीच ओळखलेलं नाही, असं मात्र एकट्या पान्याला वाटे.

आणि ह्या माणसाची सख्खी थोरली बहीण राहायची कुठे, तर डोंगराच्या माथ्यावर.

म्हणजे राहायची भावाच्याच घरी, पण कोरडे महिने लागले की ताईचा दिवस माथ्यावरच्या टेहळणीच्या मनोऱ्यात जायचा. सकाळी चढायचं, दुर्बीण घेऊन चारी दिशांचं रान न्याहाळायचं आणि कुठे धुराची रेघ दिसली तर वायरलेसवर खाली कळवायचं. किती वणवे तिने बोटाएवढे असताना पकडले ह्याची गणती नाही. लग्न केलं नाही, दागिना केला नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मनोरा हाच तिचा संसार होता.

पण गेल्या वर्षी तिचा गुडघा गेला. आजवर ती अर्धा डोंगर तिच्या एटीव्हीवर जायची, ती जाड चाकांची बुटकी चारचाकी बाइक, जिला घरात सगळे बेडकी म्हणत. आणि शेवटचा उभा चढ आला की गाडी तिथेच ठेवून पायी वर जायची, कारण त्या चढावर बेडकीचा दम निघायचा. आता पायांचाही निघाला. वनखात्याचे मोठे साहेब भले गृहस्थ, पण त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं की तपासणीच्या दिवशी ताई आपली आपण मनोऱ्यापर्यंत पोचल्या तर जागा त्यांची. नाहीतर वर तरुण माणूस नेमू आणि ताईंना खाली कचेरीत फोनजवळ बसवू. ताई घरी येऊन पायावर शेक घेत बसली आणि भिंतीकडे बघत म्हणाली, "फोनजवळ बसून धूर दिसतो का?" पान्याला त्या रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो कामाला लागला. बेडकीला दम कमी पडतो तर तिला श्वास मोकळा करून देऊ, असा साधा विचार. आतून काजळीने बुजलेला जुना सायलेन्सर काढून त्याने रुंद नळीचा नवा बसवला. हवेचा बंद डबा काढून टाकला आणि कार्ब्युरेटरच्या तोंडाला शंकूसारखा उघडा फिल्टर लावला. आता हवा आत भसाभस जाणार आणि धूर सुसाट बाहेर पडणार. हवा वाढली की पेट्रोलही वाढवावं लागतं, हे त्याला सांगायची गरज नव्हती. जुन्या जेटवर गाडी उपाशी असल्यासारखी वागत होती: रेस सोडली की फटफट उडायची, दाबली की गळाठायची, आणि चोक थोडा ओढला, म्हणजे हवा अडवून पेट्रोलचं पारडं जड केलं, की लगेच सुधारायची. मग त्याने डब्यातला मोठा जेट घातला, मग त्याहून मोठा, सुईची पातळी एक खाच उचलली, हवेचा स्क्रू कान लावून लावून फिरवला. आणि एका दुपारी बेडकी अशी काही बोलली की शेजारचा शिंपी मशीन थांबवून बाहेर आला. पान्याने गावाबाहेरच्या सपाट रस्त्यावर पूर्ण रेसमध्ये पळवून, तिथेच बंद करून ठिणगी पाडणारा प्लग काढला. भाजलेल्या विटेसारखा सुरेख रंग, म्हणजे हवा-पेट्रोलचं नेमकं जुळलं. प्लगचा असा रंग दिसला की त्याला दर वेळी तोंडात बोट घालावंसं वाटे: बंद डब्यात आग लागते, विझते, पुन्हा लागते, डोळ्याला काही दिसत नाही, आणि तरी ती आग आपली सही करून जाते.

ताईने विचारलं, डोंगरावर नेऊन बघितलीस ना? पान्या म्हणाला, बघितली की. दरवर्षी दुरुस्तीनंतर हेच विचारणं व्हायचं आणि हेच उत्तर यायचं.

खरी गोष्ट अशी की डोंगराच्या पायवाटेवर एक मोठा पांढरा दगड आहे. तिथवर वाट झाडीतून जाते, आपण चढतोय हे कळतही नाही. दगडापासून पुढे एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाला काहीच नाही. पान्या आजवर त्या दगडाच्या पुढे गेला नव्हता. दगडाला आठ-दहा वळसे घालायचे, परत यायचं, आणि 'वर नेऊन बघितली' म्हणायचं. इतकी वर्षं हे खपूनही गेलं. जुनी बेडकी शेवटच्या चढाखालीच थांबायची, तेवढ्यापुरतं तिचं भागत होतं.

ह्या वेळी खपलं नाही. ताई पहिल्यांदा वर निघाली आणि शेवटच्या चढावर निम्म्यात गाडी खोकून बंद पडली. ताई ब्रेक धरून गाडी मागे सरकवत, मध्येच उतरून खडकांना धरत खाली आली आणि घरी पोचली तेव्हा गुडघा कलिंगडासारखा सुजलेला. पान्याने काय निदान करावं? चढावर दम गेला, म्हणजे अजून उपाशीच आहे. आणखी मोठा जेट घातला. दुसऱ्या खेपेला गाडी चढाच्या सुरुवातीलाच मान टाकून बसली.

"तू सांगितलंस तसा चोक ओढून बघितला," ताई पाटावर बसून सांगत होती. "ओढला तशी जागच्या जागी मेली."

पान्याच्या हातातला पाना तसाच राहिला. घोडं कुठे पेंड खात होतं ते त्याला एका क्षणात कळलं. उपाशी माणूस आणि अजीर्ण झालेला माणूस, चालताना दोघंही सारखेच झोकांड्या खातात. वाढायच्या आधी विचारावं तरी लागतं. बेडकी भुकेली नव्हती, तिला अजीर्ण झालं होतं. वर हवा विरळ असते. खाली जेवढ्या हवेला हे पेट्रोल पुरेसं होतं, तेवढी हवा वर नव्हतीच, आणि तो आणखी आणखी वाढत होता. वडील म्हणायचे, गाडीची नाडी ती राबते तिथे बघावी. त्याने ती आपल्याला सोयीची पडेल तिथे बघितली होती.

बायकोने सुचवलं की अंदाजाने एक लहान जेट घाला आणि द्या पाठवून. पान्याने डब्यातला एक जेट उजेडाकडे धरला. अंदाज थोडा जरी चुकला आणि भोक जास्तच लहान पडलं, तर भर चढावर इंजिन तापून अडकेल, आणि गाडी मागे घसरली तर घसरायला मागे जागा कुठे होती? तपासणी परवावर आली होती. शेवटी तो म्हणाला, सकाळी मीही येतो. बायकोने पोळपाटावरून मान वर केली, नणदेकडे बघितलं, आणि "मानेला मफलर गुंडाळून जा" एवढंच म्हणाली.

सकाळी ताईने बेडकी हाकली आणि पान्या मागे बसला, कमरेला पान्यांची पिशवी, वरच्या खिशात जेटचा डबा. पांढरा दगड आला. गेला. पान्याने डोळे मिटून घेतले आणि बहिणीच्या कोटाचा पट्टा दोन्ही हातांनी धरला. लहानपणी ती त्याला असंच सायकलवर मागे घेऊन जायची, फरक इतकाच की तेव्हा तो बडबड करायचा. वारा एका बाजूने यायचा आणि दुसऱ्या बाजूला नुसताच निघून जायचा. त्यावरूनच दरी कुठल्या अंगाला आहे ते मिटल्या डोळ्यांनाही कळत होतं.

शेवटच्या चढावर ताईने अंगठ्याखालचा रेसचा खटका पूर्ण दाबला. बेडकी गुरगुरली, अडखळली, मागे काळा धूर सोडायला लागली.

"आता," पान्या म्हणाला. "क्लच धर, बंद कर. इथेच."

हे असंच करावं लागतं. पूर्ण रेसमध्ये, ओझ्याखाली, जिथल्या तिथे इंजिन बंद करून प्लग काढला तरच तो खरं बोलतो. सावकाश सपाटीवर नेऊन काढला, तर तो सपाटीची गोष्ट सांगतो. ताईने ब्रेक दाबून धरले. पान्याने उतरून चाचपडतच चाकांमागे दगड लावले, पण प्लग नेमका दरीच्या अंगाला होता. त्याने डोळे उघडले ते फक्त प्लगपुरते. फडक्यात धरून काढला: काळाकुट्ट, ओलसर, काजळीने माखलेला. पेट्रोलचा नळ बंद केला, कार्ब्युरेटरच्या बुडाचा नट सोडला, आणि आतला मोठा जेट फिरवून काढला.

जेट निसटला. खडकावर एकदा वाजला, घरंगळला आणि कडेवरून गेला.

आता मेकॅनिकची जात अशी की पडलेल्या स्क्रूमागे नजर जायचीच. ती काही मालकाला विचारून जात नाही. पान्याची नजर जेटमागे कडेपर्यंत गेली, आणि कडेवर जेट संपला तरी ती थांबली नाही. खाली गेली. आणखी खाली गेली. मग लांब गेली.

त्याला वाटलं होतं की दरी म्हणजे भोक असतं. ते भोक नव्हतं. सगळं जग होतं. रानाच्या घड्यांवर घड्या, त्यात पडलेली ढगांची सावली, सावली सावकाश चालत होती. नदी एका ठिकाणी चमकायची आणि वळली की विझायची. गावातली घरं मुठीत मावतील एवढी. आणि त्याच्या पायाखाली, पायाखाली, एक घार गोल फिरत होती. तिची पाठ दिसत होती. घारीची पाठ त्याने जन्मात बघितली नव्हती. इंजिन बंद होतं, आणि इतकी शांतता होती की तापलेलं लोखंड निवताना टिक टिक करतंय ते ऐकू यायचं. भीती गेली नव्हती. पण भीतीपेक्षा मोठं काहीतरी समोर उभं राहिलं होतं आणि भीतीला बाजूला सरकून त्याला जागा द्यावी लागली होती. हे सगळं ताई रोज बघते, त्याच्या मनात आलं. आणि आपण तिला विचारायचो, दिवसभर एकटी तिथे काय करतेस?

"सापडला?" ताईने विचारलं. ब्रेकवरचा तिचा हात हलला नव्हता.

"जाऊ दे. नको होता तोच," पान्या म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही.

त्याने लहान जेट घातला, प्लग पुसून परत बसवला. पण तपासणीला ताई एकटी असणार होती, तेव्हा आता चढायचं तेही एकटीनेच. ती गाडी मागे मागे घेत चढाच्या तळाला गेली आणि पान्या कड्याला पाठ टेकून तिथेच उभा राहिला. खालून आवाज उठला. आधी कोरडा, मग भरत गेला, आणि जिथे मघाशी घसा बसला होता तिथे बसला नाही. बेडकी त्याच्या समोरून गेली, ताईचे केस उडत होते, आणि कडा त्या आवाजाने पाठीत घुमला. माथ्याच्या अलीकडे तिने इंजिन बंद केलं. पुन्हा ती शांतता.

प्लग तिथे वर होता. पान्याला तिथे जायला वाट एकच होती आणि ती दरीच्या काठाने होती. तो कड्याला हात लावत लावत, मुलाने भिंत धरून चालावं तसा, पण चालत गेला.

फडक्यातून प्लग बाहेर आला. भाजलेल्या विटेचा रंग. वर्षानुवर्षं बघितलेला रंग, पण आज तो बघून पान्याच्या अंगावर काटा आला. खाली ह्याच जेटवर ही गाडी उपाशी राहिली असती, आणि इथे तिचं पोट नेमकं भरलं होतं. म्हणजे हवा खरंच वेगळी होती. दिसत नाही, हाताला लागत नाही, आपण नुसती घेतो आणि सोडतो, आणि ती डोंगराच्या प्रत्येक वळणावर थोडी थोडी बदलत वर आली होती. त्याने प्लग बहिणीपुढे धरला.

"ही बघ तुझी हवा," तो म्हणाला. "तू रोज घेतेस ती. मला आज दिसली."

खाली मात्र अंगठा अर्ध्याच्या पुढे दाबायचा नाही, त्याने बजावलं. पांढऱ्या दगडाच्या वर आलीस की मग हवा तेवढा दाब. ताईने मान हलवली. पांढऱ्या दगडाचं नाव निघालं तशी तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

मनोरा म्हणजे चार उंच खांबांवरची खोली. वर जायला शिडी होती. शिडी बघून पान्याची मान पुन्हा दुखायला लागली. सगळंच काही एका दिवसात होत नसतं. तो खाली खांबाला धरून बसला. ताई दुखरा गुडघा दोन्ही हातांच्या जोराने सावरत वर जाऊन दुर्बीण घेऊन आली आणि त्याच्या डोळ्यांना लावली. तिने त्याला नदीचा उतार दाखवला, जिथून वणवे सुरू होतात तो माळ दाखवला. मग त्याची हनुवटी धरून हळूच खाली वळवली.

दुर्बिणीत पांढरा दगड आला. इतका जवळ की त्यावरचे शेवाळाचे ठिपके मोजावेत. आणि दगडाभोवती, पिवळ्या गवतात, एक तपकिरी गोल होता. चाकांनी घासून घासून झालेला, गवत न उगवणारा गोल. वाट खालून येत होती, दगडाला वळसा घालत होती आणि परत खाली जात होती. वर येणारी ताईची सरळ चाकोरी तेवढी त्यातून सुटून पुढे निघाली होती.

पान्या बराच वेळ दुर्बीण डोळ्यांवरून काढायला तयार नव्हता. काढली तर बहिणीकडे बघावं लागलं असतं.

"दर वर्षी दिसायचो?" शेवटी त्याने विचारलं.

"माझं कामच ते," ताई म्हणाली. "गाडी तुझ्याकडे असली की मी पायीच वर यायची. तू वळायचास, मग थांबून एकदा वर बघायचास. मी हात करायची. तुला काय दिसणार म्हणा."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? भितोस तरी दर वर्षी तिथवर यायचास. बोलले असते तर तेवढाही आला नसतास."

पान्याने जेटचा डबा उगाच उघडला आणि बंद केला.

तपासणीच्या दिवशी मोठे साहेब पहाटेच दुसऱ्या बाजूने चालत माथ्यावर गेले होते. ताई न्याहारीला बसली. पान्याने गॅरेजला कुलूप घातलं आणि पायीच तिच्या आधी निघाला. पांढऱ्या दगडाशी आला. थांबला. गोलाकडे बघितलं आणि तो ओलांडून पुढे गेला, फार नाही, एक वळण. तिथे कड्याला पाठ टेकून उभा राहिला, बेडकी समोरून वर गेली, आणि तो तिचा आवाज ऐकत राहिला.

शेवटचा चढ लागला तो त्याला आवाजावरून कळला. बेडकीने पूर्ण श्वास घेतला. आवाज वर गेला, गेला, समोरच्या डोंगरावर आपटून परत आला, आणि कुठेही अडखळला नाही. पितळेचं एवढंसं भोक, आणि त्यातून बाईमाणूस आकाशात चढत होतं. मग आवाज थांबला. घार फिरत राहिली, ढगाची सावली सरकत राहिली, आणि पान्या जीव मुठीत धरून माथ्याकडे बघत राहिला.

आणि माथ्यावर काहीतरी लखकन चमकलं. ताईचा आरसा. साहेबांनी हो म्हटलं तर चमकवते, असं ठरलं होतं. एकदा चमकला, थांबला, मग वेड्यासारखा चमकतच राहिला.

पान्याने हात उंच केला. मग त्याला रडू आलं, चांगलं हुंदके देऊन आलं. एवढा बाप्या माणूस भर दिवसा वाटेवर रडतोय, कुणी बघितलं तर काय म्हणेल, म्हणून त्याने घाईने इकडेतिकडे बघितलं. वाट दोन्हीकडे रिकामी होती. त्याने निर्धास्तपणे तेलकट बाहीने डोळे पुसले, नाक पुसलं, आणि मगच त्याच्या लक्षात आलं की वरून हेही दिसलं असणार.